हात लावण्याची मुभा

कोणत्याही प्रदर्शनात गेले की पहिली भेट होते ती ‘कृपया हात लावू नये’ या पाटीशी. जुने चित्र, जुनी मूर्ती जपावयास हवी, हे आम्हांस मान्य आहे. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी ज्यांच्या वाडवडिलांना संघर्ष करावा लागला, त्यांच्या मुलांनी कलेच्या दारातही हेच वाक्य वाचावे, हे कोठेतरी खुपते. म्हणूनच, शाळेच्या आवारात काय उभारावे हा विषय माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत निघाला, तेव्हा आम्ही भव्य कमानीच्या बाजूने बोललो नाही.

हात लागल्यावाचून जी पुरीच होत नाही अशीही कला असते. २००२ साली ब्रिस्बेनच्या कलादालनात यायोई कुसामा यांनी एक संपूर्ण पांढरी खोली मुलांच्या हवाली केली. मुलांनी रंगीत ठिपके चिकटवून ती भरून टाकली. परंतु आम्हांला अधिक जवळचे वाटते ते बस्तरमधील काम. मुंबईच्या कलावंत नवजोत अल्ताफ कोंडागावला गेल्या आणि शांतीबाई, राजकुमार कोर्राम यांसारख्या स्थानिक आदिवासी कलावंतांच्या बरोबरीने काम करू लागल्या. गावातील हातपंपांभोवती त्यांनी ‘नलपार’ बांधले. भोवती भिंत, नक्षी आणि उचलताना भरलेला हंडा मध्येच टेकवता यावा म्हणून कोनाडा. पाणी भरणाऱ्या बाईच्या कमरेचा विचार ज्या शिल्पाने केला, त्याला आम्ही थोर शिल्प म्हणतो. मुलांनी जमावे, खेळावे, चित्रे काढावीत यासाठी तेथे ‘पिल्ला गुडी’ही उभारल्या गेल्या.

आपल्याकडे हे नवे आहे असेही नाही. दिवाळीत गल्लोगल्ली मुले किल्ला करतात. दगड, विटा, जुनी पोती, वर चिखलाचा लेप, त्यावर पेरलेले अळीव. सण कोणाचा हे घरोघरी निराळे असेल, चिखलात हात मात्र साऱ्या आळीतल्या मुलांचे असतात. बुरूज कोठे असावा यावरून होणारी भांडणे आणि त्यांतून निघणारी तोड, हा त्या किल्ल्याचा खरा पाया. याउलट हल्ली चौकाचौकांत जे ‘सेल्फी पॉइंट’ उभे राहतात, त्यांत माणसाला करण्यासारखे काय असते? उभे राहावे, हसावे, निघून जावे.

आणि कुरुळीत साहित्याचा दुष्काळ नाही. पुणे-नाशिक महामार्गाने चाकणपर्यंत जाताना लाकडी पॅलेट, जुने टायर, पाइपांचे तुकडे, निकामी बेअरिंग यांचे ढीग दिसतात. अरविंद गुप्ता हे टेल्कोच्या पुण्यातील कारखान्यात अभियंता होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तेथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, मनोरे घडवू लागले. पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. आमचे कित्येक माजी विद्यार्थी याच पट्ट्यात वेल्डर, फिटर, स्टोअरकीपर आहेत. त्यांच्याकडून पैशाची पावती घेण्यापेक्षा चार रविवार मागावेत, असे आम्हांस वाटते.

मुले पडतील, मोडतील, ही शंका खोटी नाही. उलट तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण वसतिगृहातील मूल जखमी झाले तर आई-वडील शेजारी नसतात. तेव्हा गंजका पत्रा आवारात येताच कामा नये. पॅलेट घेताना ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेल्या लाकडाची खूण पाहावी. ‘एमबी’ खूण असेल तर त्या लाकडावर विषारी धुरी दिलेली असते, ते परत पाठवावे. ज्यात रसायने ठेवली होती ती पिंपेही नकोत. प्रत्येक खिळा, प्रत्येक जोड दर आठवड्यास तपासण्याची जबाबदारी मोठ्यांपैकी एकाने नावानिशी घ्यावी. मात्र काय बांधावयाचे, हे मुलांनी ठरवावे. पाचवीतल्या मुलींना बोगदा हवा असेल आणि आम्हांला स्तूप सुचत असेल, तर बोगदाच व्हावा.

वर्षभराने तो मोडून पुढच्या तुकडीला नवे काही करू द्यावे. मग देणगीदारांची नावे कोठे कोरावीत, असा प्रश्न बैठकीत विचारला गेला. ती कार्यालयातील फळ्यावर खडूने लिहावीत, असे आम्ही सुचविले. काही सदस्य हसले, काहींना राग आला. पुढील बैठकीत आम्ही तेच पुन्हा सुचविणार आहोत.