विश्लेषण : पावसाळ्यात गॅस गिझर पेटत का नाही? आणि त्याहून मोठा धोका कोणता?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. याच दिवसांत मावळातील अनेक घरांत आणि शनिवार-रविवारीच उघडणाऱ्या बंगल्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते : नळ सोडला की गिझर टक्-टक् वाजतो, पण पेटत नाही.

गिझर पेटतो कसा?

सिलिंडरवर चालणाऱ्या बहुतेक गिझरमध्ये 1.5 व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. पाणी वाहू लागले की त्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो आणि स्विच दाबला जातो. मग ठिणगी पडू लागते व गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत लागल्याचे सेन्सरला समजले नाही, तर काही सेकंदांत गॅस आपोआप बंद होतो. म्हणजे न पेटणारा गिझर अनेकदा आपले काम चोखच करत असतो.

बिघाड कुठे शोधायचा?

आवाजच येत नसेल तर आधी सेल बदलावेत. दमट हवेत सेलच्या पत्र्यांवर गंज चढतो. तो कोरड्या कापडाने पुसावा. तरीही आवाज नसेल, तर पाण्याचा दाब कमी असण्याची शक्यता मोठी. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खाली असलेल्या मजल्यावर हे वारंवार घडते. पाणी आत येते तिथली जाळी गाळाने तुंबली असेल, तर तीही धुवावी.

टक्-टक् आवाज येतो पण ज्योत नाही, अशा वेळी सिलिंडर संपत आला आहे का, रेग्युलेटर चालू आहे का आणि नळी मुडपली आहे का, हे पाहावे. महिनोन्‌महिने बंद असलेल्या बंगल्यात बर्नरमध्ये कोळ्याची जाळीही सापडतात. ज्योत लागून लगेच विझत असेल, तर सेन्सरवर काजळी असू शकते. ते काम मेकॅनिकचे.

पाइपगॅस आल्यावर काय?

तळेगाव परिसरात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचा पाइपगॅस पोहोचला आहे. हा गॅस सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा वेगळा असतो, त्याचा दाबही कमी असतो. त्यामुळे सिलिंडरवरचा गिझर तसाच जोडता येत नाही. त्यातील जेट बदलावे लागतात.

खरा धोका कोणता?

न पेटणारा गिझर त्रासदायक असतो. बंद खोलीत पेटलेला गिझर जिवावर बेतू शकतो. शेगडीच्या बर्नरच्या कित्येक पट गॅस जाळणारे हे यंत्र खोलीतील प्राणवायू झपाट्याने संपवते. पावसाचे तुषार आत येतात म्हणून न्हाणीघराची खिडकी लावली, की अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही पहिली लक्षणे. पुढे कडी काढण्याचीही ताकद उरत नाही.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी हवा. पिवळी ज्योत दिसली तर वापर थांबवावा. ‘सतत बंद पडतो’ म्हणून सेन्सर काढून थेट जोडणी करून देणाऱ्याला ठाम नकार द्यावा.

गॅसचा वास आल्यास?

विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि 1906 या गॅसगळती मदत क्रमांकावर कळवावे. न्हाणीघरात कुणी बेशुद्ध पडले असेल, तर आधी दार-खिडकी उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे व 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. सेल बदलायला पाच मिनिटे लागतात; खिडकी उघडी ठेवायला तेवढीही लागत नाहीत.