नियम अर्धा नको, पुरता हवा
कळमना परिसरातील नागरिकांस जाहीर आवाहन

कळमना व लगतच्या वस्त्यांतील समस्त रहिवासी, पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डातील अडतदार, व्यापारी, हमाल व मापारी, रेल्वे, मेट्रो आणि 'आपली बस' या सेवांतील कर्मचारी, आणि रोज या वाटेने जाणारे-येणारे प्रवासी यांस:

हिवाळा तोंडावर आला असता, रेल्वेच्या फलाटांवर, बसथांब्यांवर आणि मेट्रोच्या मार्गाखाली रात्र काढणाऱ्या बेघर माणसांविषयी, आणि त्यांना तेथून उठविताना ज्या नियमांचा आधार घेतला जातो त्या नियमांविषयी, आपणा सर्वांपुढे एक निवेदन ठेवावे या हेतूने हे आवाहन लिहीत आहे. निवेदनाचे सार आरंभीच सांगतो. सार्वजनिक वाहतुकीचे नियम पाळले गेलेच पाहिजेत, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु माणसाला फलाटावरून उठविण्याचा अधिकार ज्या राज्यव्यवस्थेने दिला, तिनेच त्याला कोठे न्यावे आणि कसे वागवावे हेही कायद्याने सांगून ठेवले आहे, आणि यांतला पहिला भाग तेवढा तत्परतेने अमलात आणून दुसरा दप्तरात बांधून ठेवणे याला नियमाची अंमलबजावणी म्हणता येत नाही.

कळमना हे नुसते एका स्थानकाचे किंवा एका बाजाराचे नाव नाही. संत्री, मिरची, धान्य आणि भाजीपाला यांच्या व्यापारासाठी अवघ्या विदर्भाला ठाऊक असलेले नागपुरातले हे ठिकाण रात्रीच अधिक जागे असते. मालमोटारी रात्री येतात, पोती रात्री उतरतात, आणि पहाटेच्या लिलावापूर्वी ज्यांचे खांदे दुखून येतात त्या माणसांपैकी कित्येक भंडारा-गोंदियाकडून, बालाघाटकडून, छत्तीसगडातून पोटासाठी आलेले असतात. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा हावड्याकडे जाणारा मार्ग आपल्या स्थानकावरून जातो. दक्षिणेस प्रजापतीनगरापर्यंत मेट्रो येऊन पोचली आहे. शहर बस आपल्या दारातून जाते. जेथे काम आहे, जेथे रात्री दिवा आहे, डोक्यावर पत्रा आहे आणि चार माणसांची जाग आहे, तेथे निराधार माणूस आसऱ्याला येणार, हे कोणत्याही शहराच्या स्वभावातच आहे.

या माणसांना आपण सरसकट 'भिकारी' म्हणून मोकळे होतो, आणि येथेच आपल्या विचारात पहिली चूक शिरते. फलाटावर आडवा झालेला एक इसम हमालीचे दोन फेरे संपवून तिसऱ्याची वाट पाहणारा असतो. दुसरा पहाटेच्या गाडीचे तिकीट खिशात असलेला, परंतु लॉजचे भाडे न परवडणारा प्रवासी असतो. कोपऱ्यात बसलेली बाई नवऱ्याच्या मारहाणीतून निघून आलेली असू शकते. तिच्यापलीकडचा म्हातारा मुलांनी घराबाहेर काढलेला असू शकतो. स्वतःशीच बोलणारा तरुण मनाच्या व्याधीने वाट चुकलेला असतो. बाकाखाली मुटकुळे करून निजलेले पोर घरातून पळून आलेले असते. आणि या सर्वांत कोणी एखादा खरोखरच मद्यपी, उपद्रवी किंवा खिसेकापूही असतो. इतक्या निरनिराळ्या माणसांना एकाच दंडुक्याने एकाच दिशेला हाकणे सोपे आहे, परंतु त्यात न्याय नाही, आणि अनुभव असा की त्यात बंदोबस्तही साधत नाही; कारण फलाटावरून उठलेला माणूस पुलाखाली जातो, पुलाखालून उठलेला दुकानाच्या ओट्यावर येतो, आणि तिसऱ्या रात्री पुन्हा फलाटावर दिसतो.

आता नियमांच्या बाजूने जे न्याय्य आहे ते पूर्णपणे मान्य करू. फलाट, थांबा, गाडीचा डबा या वस्तू प्रवाशांच्या पैशाने आणि प्रवाशांसाठी उभ्या राहिल्या आहेत. रात्रपाळी संपवून एकटी परतणारी परिचारिका, कडेवर लेकरू घेतलेली माता, परीक्षेला निघालेली मुलगी यांना बसावयास बाक आणि चालावयास वाट निर्धास्तपणे मिळाली पाहिजे. 1989 च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम 55 ने तिकिटावाचून प्रवासास, कलम 144 ने गाड्यांत व स्थानकांवर भीक मागण्यास, आणि कलम 147 ने रेल्वेच्या हद्दीत अनधिकृतपणे शिरण्यास मनाई केली आहे; मेट्रोसाठी 2002 चा स्वतंत्र अधिनियम आहे. या मनाया निष्कारण नाहीत. शिवाय ज्याला हे नियम बजवावे लागतात तो तिकीट तपासनीस, तो सुरक्षा दलाचा जवान, तो बसचा वाहक आणि पहाटे चार वाजता घाण उपसणारा सफाई कामगार हीही आपलीच माणसे आहेत. वरिष्ठांचा जाब आणि प्रवाशांचा संताप यांच्या कात्रीत सापडून ती जेव्हा कोणावर खेकसतात, तेव्हा त्या खेकसण्याचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणे हेही अन्यायाचेच आहे.

परंतु नियमांचे पुस्तक तेवढ्यावर संपत नाही. त्याच रेल्वे अधिनियमाच्या कलम 139 मध्ये अशी तरतूद आहे की, भाडे व जादा आकार न भरल्याबद्दल सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा बालकाला गाडीतून उतरवायचे झाले, तर ते प्रवास सुरू झालेल्या स्थानकावर, जंक्शनवर, अंतिम स्थानकावर किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या स्थानकावरच उतरवावे, आणि तेही केवळ दिवसा. अपराध सिद्ध असतानाही काळोखात आडस्थानी स्त्रीला सोडू नये, एवढी माणुसकी कायदा करणाऱ्यांनी शब्दांत बांधून ठेवली आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 सांगतो की घरदार नसलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक होय आणि त्याला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेले पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चे कलम 100 ठाणेदारावर असे कर्तव्य घालते की, मनोव्याधीने भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशा माणसाला संरक्षणाखाली घेऊन, कोठडीत न डांबता, 24 तासांत सरकारी आरोग्य संस्थेत पोचवावे. आणि आपल्या नागपुरात तर 1864 पासून मनोरुग्णालय उभे आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी दर 1 लाख लोकवस्तीमागे एक कायम निवारा हे माप ठरले. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24,05,665 होती, म्हणजे या मापाने शहरात निदान 24 निवारे हवेत, हा हिशेब शाळकरी मुलगाही करील.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू फार पूर्वी तोलल्या आहेत. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात, जो ओल्गा टेलिस खटला म्हणून प्रसिद्ध आहे, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने 10 जुलै 1985 रोजी असा निर्णय दिला की, उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे. पदपथावर कायमचे ठाण मांडण्याचा हक्क कोणास नाही हेही त्याच निर्णयात आहे. आणि उठवायचेच तर न्याय्य रीतीने उठवावे, भर पावसाळ्यात उठवू नये, म्हणून त्या वर्षीच्या 31 ऑक्टोबरपर्यंत ती कारवाई थांबविण्यात आली. नियम आणि करुणा यांपैकी एकाची निवड करावी लागते हा समज या एका निकालाने खोटा ठरतो.

नागपूरकरांना अगदी अलीकडचा एक दाखलाही स्मरत असेल. मार्च 2023 मध्ये, जी-20 च्या अनुषंगाने सी-20 ही नागरी संघटनांची परिषद आपल्या शहरात भरण्याच्या सुमारास, पोलीस आयुक्तालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली भिकाऱ्यांनी चौकांत व सार्वजनिक जागी जमण्यास मनाई करणारा हुकूम काढला. त्याची मुदत 30 एप्रिलपर्यंत होती. चौकांतील वाहतुकीस होणारा अडथळा खरा होता, आणि हुकूम काढणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यावयाची नाही. परंतु मुदतीच्या हुकुमाने माणसे मुदतीपुरतीच हलतात, आणि ज्या कारणाने ती चौकात आली ते कारण 1 मे रोजीही शिल्लकच राहते. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, 1959 हा आणखी जुना; त्याच्या व्याख्येत तर उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही 'भिकारी' म्हणून येऊ शकतो, आणि त्याला एक ते तीन वर्षे संस्थेत अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये, दिल्लीपुरत्या, या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणाऱ्या कलमांना घटनाबाह्य ठरविले. दारिद्र्य हा कसूर नाही, एवढे तरी आपण त्यातून शिकावे.

आणि आपल्या नागपूरच्या हवेचा विचार करा. 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे या शहरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, आणि 23 मे 2013 च्या दुपारी तो 47.9 अंशांवर चढला होता. ज्या शहरात हवा इतकी टोकाला जाते, तेथे उघड्यावर निजणाऱ्या म्हाताऱ्याला 'ऊठ' म्हणणे आणि कोठे जावे हे न सांगणे, याचा परिणाम प्रसंगी मृत्यूतच होतो. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेने बेघरांची मोजणी केली तेव्हा, रेल्वे फलाटावर निजणारेही हिशेबात धरून, महाराष्ट्रात 2,10,908 माणसे बिनछपराची आढळली. राज्याने ज्यांना मोजले, त्यांना राज्य ओळखत नाही असे म्हणता येणार नाही.

शिस्तीबरोबर निवाराही द्यावा, हा विचार विदर्भाच्या मातीला परका नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडीत गेले, आणि त्याच बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, मुंबईत रुग्णांच्या नातलगांना आसरा मिळवून दिला. स्वच्छतेचा एवढा कडवा आग्रही माणूस निवाऱ्याचाही तेवढाच आग्रही होता. कारण रस्ता स्वच्छ ठेवावयाचा तर रस्त्यावरच्या माणसाला छप्पर द्यावे लागते, हे त्या निरक्षर महापुरुषाला कोणी शिकवावे लागले नाही. दूरदेशीही हेच शहाणपण दिसते: अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात 2018 मध्ये एका मोठ्या रेल्वे स्थानकाच्या आवारातच 'हब ऑफ होप' नावाचे केंद्र कायम झाले, जेथे बेघरांना अंघोळ, कपडे धुण्याची सोय, वैद्यकीय मदत आणि निवाऱ्याची वाट मिळते.

सबब, कळमनावासीयांस पुढील विनंत्या आहेत.

एक. प्रवासी बंधुभगिनींनो, फलाटावर वा थांब्यावर निजलेल्या माणसावर ओरडण्यापूर्वी किंवा त्याचे छायाचित्र काढण्यापूर्वी तो कोणत्या संकटात आहे ते पाहा. एकटे मूल दिसले तर 1098, आजारी माणूस दिसला तर 108, टाकून दिलेले वृद्ध दिसले तर 14567, रेल्वेच्या हद्दीत मदत हवी असेल तर 139, आणि कोणी खरोखर उपद्रव करीत असेल तर 112 हे क्रमांक उपयोगी आणा. तक्रार करणे हा आपला हक्क आहे. ती खरी आणि नेमकी असावी.

दोन. अडतदार व व्यापारी मंडळींनो, आणि बाजार समितीच्या पदाधिकाऱ्यांनो, ज्याच्या पाठीवरून आपला माल उतरतो त्याने रात्री फलाट गाठावा, ही गोष्ट यार्डाला शोभणारी नाही. 1969 चा माथाडी कायदा याच कष्टकऱ्यांच्या संरक्षणासाठी झाला. यार्डात हमालांसाठी झोपावयाची जागा, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी यांची पुरेशी व्यवस्था करा. स्थानकावरची निम्मी गर्दी तेथेच ओसरेल.

तीन. रेल्वे, मेट्रो व बस यांच्या कर्मचारी बांधवांनो, उठविणे भागच असेल तेथे आधी विचारा, मग उठवा. स्त्री, बालक, वृद्ध आणि रुग्ण यांना रात्री बाहेर काढू नका. आणि जवळच्या निवाऱ्याचा पत्ता मराठीत व हिंदीत मोठ्या अक्षरांत लावण्याचा आग्रह आपल्या वरिष्ठांकडे धरा. वरिष्ठांनी हे काम एकट्या पहारेकऱ्यावर न टाकता समाजसेवकांची जोड त्याला द्यावी.

चार. महानगरपालिकेकडे आपण सर्वांनी मिळून लेखी मागणी करू की, कळमना-पारडीच्या टापूत, बाजारापासून व स्थानकापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, बारमाही निवारा असावा. त्यात स्त्रियांची व कुटुंबांची वेगळी सोय असावी. कागदपत्रांवाचून कोणास दारातून परत पाठवू नये. आणि कडक थंडीच्या व उन्हाच्या दिवसांत फिरते वाहन पाठवून माणसांना तेथे आणावे.

पाच. ही विनंती सर्वांत अवघड आहे. उद्या असा निवारा आपल्याच गल्लीत, आपल्याच समाजभवनाशेजारी व्हावयाचे ठरले, तर 'येथे नको' असा अर्ज घेऊन कोणीही नगरसेवकाकडे जाऊ नये. फलाट मोकळे हवेत आणि निवारा मात्र आपल्या वस्तीत नको, अशी मागणी करणाऱ्याला नियमांची भाषा बोलण्याचा अधिकार राहत नाही. उलट ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या जुन्या चादरी, आठवड्यातले दोन तास आणि एखादी ताटवाटी त्या निवाऱ्याला द्यावी.

मार्गशीर्षातली थंडी कोणासाठी थांबणार नाही. त्यापूर्वी या परिसरातील प्रत्येक वस्तीतून निदान दहा-दहा सह्यांचे निवेदन महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात, रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयात आणि बाजार समितीच्या सचिवांकडे दाखल व्हावे, एवढे काम आपण या महिन्यात करू या. नियम सर्वांना सारखा आणि पुरता लागू व्हावा, एवढीच मागणी त्यात असू द्या.

आपला नम्र,
कळमना येथील एक रहिवासी