ज्याचे जळते, त्याचे मत आधी

बंडखोरांशी अगर सशस्त्र टोळ्यांशी होणारा तह जनतेपुढे सार्वमताला ठेवावा की नाही, हा प्रश्न वरकरणी दूरदेशीचा वाटतो. कोलंबिया, आयर्लंड, फिलिपिन्स ही नावे वर्तमानपत्रांत येतात आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. पण हाच प्रश्न १९४८ साली निजामाच्या राज्यात, बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला होता. त्याला तेव्हा अर्धेच उत्तर मिळाले. उरलेल्या अर्ध्याची किंमत तो सीमाभाग आजही मोजतो आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हत्यार खाली ठेवायचे की नाही, ही मतास टाकण्याची गोष्ट नव्हे. शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग विझवावी की नाही यावर कोणी गावसभा भरवीत नाही. परंतु आग विझल्यावर तेथील माणसांनी कोणत्या राज्यात, कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या भाषेच्या कारभारात नांदायचे, हे त्यांना विचारल्यावाचून ठरविण्याचा अधिकार कोणत्याही राजधानीला नाही. पहिले काम सरकारांचे आणि हत्यारबंदांचे. दुसरे काम केवळ जनतेचे.

कागदावरची शांतता

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदुस्थान सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. कागदावर शांतता आली, खेड्यांत ती आली नाही. लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याचे रझाकार यांच्यापुढे करारातील कलमांना काडीची किंमत उरली नव्हती. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी कत्तल केली. दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली, असे त्या भागात सांगतात. हे गाव बसवकल्याणच्या परिसरात आहे.

नेमक्या याच दिवसांत दिल्ली-हैदराबादच्या वाटाघाटींत ‘सार्वमत’ हा शब्द दोन्ही बाजू उच्चारीत होत्या. माउंटबॅटन परत जाण्यापूर्वी, जून १९४८ मध्ये, एक मसुदा तयार झाला. रझाकारांना आवर घालावा, लोकांना जबाबदार राज्यपद्धती द्यावी आणि सामिलीकरणाचा प्रश्न निःपक्षपाती देखरेखीखाली प्रौढ मतदानाने सोडवावा, असा त्याचा आशय होता. निजामाने तो फेटाळला. १३ सप्टेंबरला फौजा आत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

आता कल्पना करा की त्या उन्हाळ्यात, रझाकार हत्यारबंद फिरत असताना, सार्वमत झाले असते. गोरट्याच्या माणसाने मतपेटीपर्यंत कोणत्या वाटेने जायचे होते? भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद या भागांतले कुणबी, लिंगायत, दलित कोणाच्या पहाऱ्यात रांगेला उभे राहणार होते? बंदुकीच्या छायेत घेतलेले मत हे मत नव्हे, ती खंडणी होय. म्हणून आधी रझाकारांचा बंदोबस्त आणि जबाबदार सरकार, मग सार्वमत, हा दिल्लीचा आग्रह रास्तच होता.

मग विचारले का नाही?

परंतु १७ सप्टेंबरनंतर काय झाले? जुनागढात २० फेब्रुवारी १९४८ रोजी सार्वमत झाले होते आणि १,९०,७७९ मते हिंदुस्थानच्या बाजूने, तर अवघी ९१ पाकिस्तानच्या बाजूने पडली होती. हैदराबादेत तसे काही झाले नाही. लष्करी गव्हर्नर आला, नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताचे संविधान मान्य केल्याचे फर्मान काढले आणि विषय संपला. जनतेच्या इच्छेचा इतका घोष ज्या प्रकरणात झाला, त्याचा शेवट जनतेच्या मताने न होता निजामाच्या सहीने झाला!

कोणी म्हणेल, निकाल उघडच होता, मग खर्च आणि खटाटोप कशाला? निकाल उघड होता हे आम्हीही मानतो. पण सार्वमत केवळ आकडा काढण्यासाठी नसते. मत घ्यायचे तर आधी मतदारयादी करावी लागते. यादी करायची तर परागंदा झालेल्या माणसाला त्याच्या गावी, त्याच्या घरी परत आणावे लागते. ज्याचे नाव यादीत लिहिले, त्याचा जीव राखण्याची जबाबदारी सरकारवर येते.

ही जबाबदारी त्या वेळी कोणी घ्यायला हवी होती, हे पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालावरून कळते. पोलीस कारवाईनंतर सूडाची जी लाट उसळली, तीत मुख्यतः मुसलमान मारले गेले. १९४८ च्या अखेरीस या समितीने राज्यात दौरा केला. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा सावध अंदाज होता. सर्वांत होरपळलेले म्हणून तिने चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. एकट्या या चार जिल्ह्यांत १८ हजारांहून कमी माणसे मेली नाहीत, असे तिने लिहिले. हा अहवाल दशकानुदशके दडपून ठेवला गेला. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, तीही विसरता कामा नये. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्याच धंद्यातल्या मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचविले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले.

गोरट्याचे प्रेत मोजायचे आणि सप्टेंबरनंतरचे मोजायचे नाही, हा हिशेब मराठी माणसाला शोभणारा नाही. त्या वेळी बिदर-गुलबर्ग्यात ‘तुमचे मत घ्यायचे आहे, गावी परत या’ अशी दवंडी सरकारने पिटली असती, तर किती जीव वाचले असते हे सांगता येणार नाही. परंतु राज्याची इभ्रत मतदारयादीला बांधली गेली असती, एवढे खास.

१९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक हेच हैदराबादचे सार्वमत, असाही युक्तिवाद होतो. त्यात तथ्यांश आहे. तेलंगणातील कम्युनिस्टांनी २१ ऑक्टोबर १९५१ रोजी सशस्त्र लढा मागे घेतला आणि लोकशाही आघाडीच्या नावाने निवडणूक लढविली. नलगोंड्याहून रवी नारायण रेड्डी प्रचंड मतांनी लोकसभेत गेले. गुलबर्ग्याने स्वामी रामानंद तीर्थांना निवडून दिले. ज्या बिदर जिल्ह्यात तीन-साडेतीन वर्षांपूर्वी रक्ताचे पाट वाहिले, त्या बिदरने शौकतुल्ला शाह अन्सारी यांना खासदार केले. सामान्य माणूस शांततेला किती आसुसलेला असतो, त्याचा याहून मोठा पुरावा कोणता? परंतु निवडणूक प्रतिनिधी निवडते, प्रश्नाचे उत्तर देत नाही. ‘तुम्हाला कोणत्या राज्यात जायचे आहे’ हे त्या मतपत्रिकेवर छापलेले नव्हते.

ते १९५६ सालीही छापले गेले नाही. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली बिदर जिल्हा तेलंगणाबरोबर उर्वरित हैदराबाद राज्यात ठेवण्याची शिफारस केली होती. वर्षभरात ती बदलली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदरचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात गेले. नारायणखेड, जहीराबाद आणि न्याळकल सर्कल आंध्रात गेले. उरलेले म्हैसूरला. गंमत पाहा, जहीराबाद तालुका आंध्राला देताना त्यातले निर्णा सर्कल मात्र म्हैसूरसाठी वेगळे काढले. म्हणजे सरकारला सोयीचे असले की तालुका फोडता येतो, सर्कलही वेगळे काढता येते. सीमेवरच्या मराठी गावाने तेच मागितले, की ‘गाव हा घटक धरता येत नाही’ असे उत्तर मिळते!

परदेशचे तीन दाखले

आता बाहेरचे पाहू. कोलंबियात बावन्न वर्षे यादवी चालली. दोन लाखांहून अधिक माणसे मेली. सप्टेंबर २०१६ मध्ये सरकार आणि ‘फार्क’ बंडखोर यांच्यात करार झाला आणि २ ऑक्टोबरला अध्यक्ष सांतोस यांनी तो मतास टाकला. अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने तो हरला. शंभरातले अडतीस मतदारही मतदानाला गेले नव्हते. बोहाया या गावात २००२ साली बंडखोरांचा गोळा चर्चवर पडून आसऱ्याला आलेली बायकामुले मेली होती. त्या गावाने पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक मते कराराच्या बाजूने दिली. ज्यांनी सोसले त्यांनी ‘होय’ म्हटले, पण देशभरच्या बेरजेत त्यांचे मत बुडाले. अखेर नोव्हेंबरात करारात फेरफार करून तो संसदेकडून मंजूर करून घ्यावा लागला. शांतता हवी की नको, हाच प्रश्न सरसकट विचारण्याचे हे फळ.

उत्तर आयर्लंडने अधिक शहाणपण दाखविले. १० एप्रिल १९९८ चा करार छापून प्रत्येक घरी पोहोचविला आणि २२ मे रोजी मत घेतले. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेच्या प्रजासत्ताकात ९४ टक्के मते बाजूने पडली. मुख्य म्हणजे उत्तर आयर्लंड कोणत्या देशात राहील हे तेथील बहुमताने, जेव्हा केव्हा मत घेतले जाईल तेव्हा, ठरावे असे करारातच लिहिले. विलीनीकरणाची आकांक्षा बाळगणे हा गुन्हा नाही आणि ती लादणे हा हक्क नाही, ही दोन्ही तत्त्वे एका कागदावर आली.

आपल्या सीमाभागाला सर्वांत जवळचा दाखला फिलिपिन्समधील मिंदानाओचा. मोरो बंडखोरांशी २०१४ साली समझोता झाला, त्यावरून स्वायत्त बांगसामोरो प्रदेशाचा कायदा झाला आणि जानेवारी-फेब्रुवारी २०१९ मध्ये लोकांचे मत घेण्यात आले. त्यात उत्तर कोताबातो प्रांतातली ६३ खेडी, होय, खेडी, स्वतःच्या मताने नव्या प्रदेशात गेली. प्रांत जागच्या जागी राहिला, खेडी गेली, आणि आभाळ कोसळले नाही. तेथेही सारे निर्दोष नव्हते. लानाओ देल नोर्तेमधील सहा गावांनी ‘जातो’ म्हटले, पण प्रांताने ‘सोडत नाही’ म्हटले आणि ती अडकली. सुलू प्रांताने ‘नको’ म्हटले तरी त्याला आत ओढले गेले. २०२४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सुलूला बाहेर काढले. ज्याने नकार दिला त्याला कोंबण्याचे पाप पाच वर्षांनी का होईना, धुवावे लागले.

गाव हा घटक

या साऱ्यावरून सीमाभागासाठी तीन नियम निघतात. मत घ्यायचे ते हत्यार खाली ठेवल्यावर. विचारायचे ते नांदण्याविषयी. आणि मोजायचे ते गावागणिक.

आंध्र-मद्रास सीमावादात ह. वि. पाटसकर यांनी गाव हाच घटक धरला आणि तो तंटा मिटला. महाराष्ट्राने तेच मागितले. महाजन आयोगाने १९६७ साली ते मानले नाही. २००४ साली महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, त्याचा निकाल अजून लागलेला नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाने या साऱ्या काळात मोर्चे काढले, तुरुंग भोगले, निवडणुका लढविल्या, पण बंदूक हाती घेतली नाही. बंडखोरांच्या तहावर देश मत घेतात आणि जो बंड करीत नाही त्याला सत्तर वर्षे कोणी विचारीत नाही, यातून तरुणांनी कोणता धडा घ्यावा असे राज्यकर्त्यांना वाटते?

नियम सांगितला की तो स्वतःलाही लागू होतो. बिदरमधले एखादे मराठी गावही ‘आम्ही कर्नाटकातच बरे’ म्हणेल, तर ते मान्य केले पाहिजे. जत आणि अक्कलकोटकडच्या कानडी गावांनाही तोच हक्क दिला पाहिजे. त्या गावातल्या मुसलमानाचे, त्याची घरभाषा उर्दू असली तरी, एक मत म्हणजे एकच मत. १९४८ नंतर ज्यांची गणती झाली नाही त्यांची या वेळी आधी झाली पाहिजे.

गोमंतकात हे सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे, कारण आम्ही मत देऊन हरलेलो आहोत. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेशाला १,७२,१९१. फूल हरले, दोन पाने जिंकली. पेडणे-डिचोलीचा कौल एक होता आणि सालसेतचा दुसरा. मन खट्टू झाले, घराघरांत वाद झाले, पण कोणाचे घर जळले नाही, कारण प्रत्येकाला विचारले गेले होते. चौतीस हजार एकवीस मतांचा पराभव पचविता येतो. न विचारता केलेला निवाडा पिढ्यान्‌पिढ्या पचत नाही, हे भालकी आणि औरादला जाऊन पाहावे.

म्हणून दिल्लीकरांना, बंगळूरकरांना आणि मुंबईकरांनाही आमचे एकच सांगणे आहे. तह राजधानीत करा, परंतु निवाडा गावात होऊ द्या. ज्याचे जळते त्याला कळते, हे आपण बोलताना नेहमी म्हणतो. आता ते मतपत्रिकेवर उतरवा.