जुन्या यंत्राची परीक्षा

वापरलेला संगणक घेणें म्हणजे कमीपणा, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आढळते. वस्तुतः १९६० नंतरच्या दशकांत आय. बी. एम. कंपनीनें १४०१ जातीचीं, परदेशांत वापरून झालेलीं यंत्रें येथें दुरुस्त करून कचेऱ्यांस भाड्यानें दिलीं होतीं. त्यावर टीका झाली, ती योग्यच होती. १९७८ सालीं कंपनी देश सोडून गेली. परंतु त्या जुन्या यंत्रांवर काम शिकलेलीं माणसें कांहीं जुनीं ठरलीं नाहींत. तेव्हां प्रश्न जुन्याचा नव्हे, परीक्षेचा आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू चंद्रपुरास स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो, घर आरमोरीस. त्यानें शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पास विषय घेतला तो आपल्याच मुलखांतला: जुन्या मालगुजारी तलावाच्या सांडव्यावरून पुराचें पाणी कसें वाहील आणि त्याचा जोर कोठें बसेल, हें गणितानें काढावयाचें. ज्या तलावांच्या जिवावर आपल्याकडील धान पिकतें, त्यांची पाळ फुटली म्हणजे काय होतें, हें या भागांतील वाचकांस सांगावयास नको. विषय उत्तम, पण त्याचा लॅपटॉप दोन दिवस घरघर करून मध्येंच बंद पडे. समाईक खात्यांत सत्तर हजार रुपये होते, आणि ते माडीवरील कवेलू काढून पत्रे घालण्यासाठीं राखलेले. बरीच बोलाचाली होऊन अर्ध्याच माडीवर पत्रे घालावे व चाळीस हजारांत यंत्र घ्यावें, असें ठरलें. उरलेल्या अर्ध्या माडीवर यंदा ताडपत्री आहे. म्हणून या चाळीस हजारांतील एक रुपयाही वायां जाऊं द्यावयाचा नव्हता.

खरी काटकसर दुकानांत जाण्यापूर्वींच होते. अशा हिशेबांत पाण्याचें क्षेत्र लाखों लहान घरांत विभागतात. त्यास जाळें म्हणतात. सांडवा आणि त्याकडे येणारा प्रवाह मध्यरेषेच्या दोहों बाजूंस सारखा असेल, तर अर्धाच भाग गणितांत घ्यावा. काम निम्मे होतें. ओपनफोम नांवाची गणनप्रणाली २००४ पासून सर्वांस मोफत खुली आहे, आणि मुंबईच्या आय. आय. टी. मधील फॉसी प्रकल्प तिचा प्रसार करतो. तींत दहा लाख घरांमागें साधारण एक जी. बी. रॅम लागते, असा ठोकताळा आहे. मुलाचें जाळें तीस लाख घरांचें. म्हणजे बत्तीस जी. बी. त्यास भरपूर. दुकानदार एकशें अठ्ठावीस सुचवीत होता!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाहीं. प्रोसेसरांत चौदा गाभे आहेत असें ऐकलें कीं आपण हुरळून जातों. परंतु पंगतीस चौदा पानें मांडलीं आणि वाढपी एकच असला, तर तेरा जण हात आखडून बसतील. प्रवाहाच्या गणितांत रॅममधून आंकडे आणून देणारे मार्ग हेच वाढपी होत. झेऑन ई५-२६०० मालिकेच्या चौथ्या आवृत्तींत, जी २०१६ सालीं निघाली, असे चार मार्ग असतात. पण विक्रेते बत्तीस जी. बी. ची एकच पट्टी बसवून देतात. मग एकच वाढपी कामास लागतो. आठ-आठच्या चार पट्ट्या, चार निरनिराळ्या मार्गांवर, असें स्पष्ट बजावावें. महागडें ग्राफिक्स कार्ड मात्र खुशाल नाकारावें. ओपनफोमचें नेहमींचें गणित प्रोसेसरच करतो, कार्ड केवळ चित्र दाखवितें.

एच. पी. झेड ४४० किंवा डेल प्रिसिजन टी ५८१० हीं कचेऱ्यांतून निघालेलीं यंत्रें या कामास चांगलीं. त्यांचा वीजपुरवठ्याचा डबा कंपनीच्या खास मापाचा असतो, म्हणून तो बिघडल्यास कोठें मिळेल हें आधींच विचारावें. विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ हे प्रोसेसर अधिकृतपणें स्वीकारीत नाहीं. ओपनफोमचें मूळ घर लिनक्स, त्यामुळें आमचें कांहीं अडलें नाहीं.

नागपूरच्या एका दुकानांत आम्ही यंत्र सुरू करवून प्रथम बायोसला कुलूप नाहीं ना, तें पाहिलें. मग डिस्क किती तास फिरली आहे तें वाचलें, आणि सर्व गाभे एक तास पूर्ण भारावर चालवून उष्णता पाहिली. बत्तीसऐवजीं चोवीसच जी. बी. दिसत होती. "एवढ्यानं काही अडत नाही, काका," असें दुकानदार म्हणाला. अडत नाहीं खरें, पण पैसे बत्तीसचे घेतले होते! पट्टी बदलून घेतली, व पंधरा दिवसांत दोष निघाल्यास परत घेण्याचें पावतीवर लिहवून घेतलें. घरीं येऊन रात्रभर रॅमची तपासणी चालविली, ती या लेखी कराराच्या बळावर.

आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४६-४७ अंशांवर चढतो. म्हणून पंखे झाडून, प्रोसेसरवरील जुना लेप पुसून नवा लावला, आणि मोठें गणित रात्रींच चालवावयाचें असा नियम केला. तीनशें वॉटच्या हिशेबानें दहा तासांस तीन युनिट वीज जळते. ती मध्येंच जातेही, यू. पी. एस. पांच-दहा मिनिटें धरतो, तेवढ्यांत यंत्र नीट बंद करतां येतें. शिवाय ठराविक अंतरानें उत्तर डिस्कवर लिहून ठेवण्याची आज्ञा दिली, म्हणजे शेवटच्या नोंदीपासून गणित पुढें चालू होतें.

पहिलें उत्तर आलें तें सांडव्याच्या नेहमींच्या सूत्रानें हातानें काढलेल्या प्रवाहाहून दीडपट होतें. मुलगा यंत्रास दोष देऊं लागला. यंत्र निर्दोष होतें. सांडव्याच्या माथ्याशीं जाळें फार विरळ होतें. तेथें तें दाट केल्यावर दोन्ही आंकडे जवळ आले, आणि आतां तो पाळीच्या पायथ्याकडील भाग करीत आहे.