हद्दीचा नकाशा आधी, खनिजाचा अहवाल नंतर

खनिजाच्या धंद्यात पैसा घालणारे लोक नमुन्यांचा अहवाल फार बारकाईने वाचतात. धातूचे प्रमाण किती टक्के, थर किती खोल, बंदर किती लांब, सगळे विचारतात. पण हा हिशेब ज्या जागेचा मांडला आहे, ती जागा नेमकी कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे विचारणारा विरळा. हद्दीचा नकाशा फाइलीच्या शेवटी टाचलेला असतो व बहुधा तसाच राहतो. आमच्या मते वाचायला सुरुवात तेथूनच करावी.

याची किंमत काय असते, ते कर्नाटकातील बळ्ळारीने दाखवून दिले. लोहखनिजाचे भाव चढले तसे डोंगर पोखरण्याची चढाओढ लागली. अनेक पट्ट्यांच्या जुन्या नकाशांत पक्के संदर्भबिंदू नव्हते. मग हद्द ज्याच्या हाती यंत्रे त्याच्या सोयीने सरकली. आंध्रच्या सीमेवर तर राज्याच्या हद्दीच्या खुणांवरूनच तंटा उभा राहिला. अखेर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले आणि बळ्ळारी, चित्रदुर्ग व तुमकूर या तीन जिल्ह्यांतील १६६ पट्टे संयुक्त पथकाकडून मोजून घेतले गेले. ४५ पट्टे 'अ' वर्गात आले, ७२ 'ब' वर्गात आणि ४९ 'क' वर्गात. मंजूर क्षेत्राच्या दहा टक्क्यांहून अधिक खोदकाम हद्दीबाहेर, किंवा पंधरा टक्क्यांहून अधिक जागेवर माती-दगडांचे ढीग व रस्ते हद्दीबाहेर, अशी 'क' वर्गाची मुख्य कसोटी होती. १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने हे ४९ पट्टे रद्द झाले. खनिज जमिनीत होते तेथेच राहिले. पट्टेदाराचा हक्क मात्र गेला.

प्रत्येक वेळी लबाडीच असते असेही नाही. आपल्याकडील गावनकाशे तेहतीस फुटांच्या शंकू साखळीने मोजलेले आहेत. (एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे शेतकऱ्याला सांगायला नको.) वनखात्याचा नकाशा वेगळा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे 'एव्हरेस्ट' नावाच्या मापन-आधारावर काढलेले, तर उपग्रहावर चालणारे यंत्र 'डब्ल्यूजीएस ८४' या दुसऱ्याच आधारावर अक्षांश-रेखांश सांगते. आधार न बदलता एकाचे आकडे दुसऱ्यावर चढविले, की हद्द जागेवरून शंभर मीटरच्या आसपास सरकते. कागदावर हा फरक केसाएवढा दिसतो. पण दोन किलोमीटर लांबीच्या हद्दीवर शंभर मीटरचा पट्टा म्हणजे वीस हेक्टर, जवळपास पन्नास एकर जमीन! ती कोणाच्या शेतात जाईल, राखीव जंगलात जाईल की शेजारच्या पट्टेदाराकडे, हे नशिबावर.

आता तर नकाशाचे महत्त्व आणखी वाढले आहे. २०२३ च्या दुरुस्तीने खाण कायद्यात लिथियम, तांबे, सोने यांसारख्या २९ खनिजांसाठी अन्वेषण परवाना आला. एक परवाना हजार चौरस किलोमीटरपर्यंतचा असू शकतो. तीन वर्षांनंतर मात्र त्यातील जास्तीत जास्त पाव भागच हाती ठेवता येतो. खनिज सापडले तर खाणपट्ट्याचा लिलाव सरकार करते आणि शोधणाऱ्याला त्या लिलावाच्या रकमेतून हिस्सा मिळतो. म्हणजे शोधणाऱ्याची कमाई खनिजाच्या ढिगाऱ्यात नाही, आपण राखलेल्या त्या पाव भागाच्या रेषेत आहे. रेषा अलीकडे पडली तर हिस्सा गेला. असे असताना भोके पाडण्यावर कोट्यवधी खर्च करायचे आणि नकाशा मात्र स्वस्तात स्वस्त बोली देणाऱ्याकडून काढून घ्यायचा, हा कोणता व्यापार?

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. पट्ट्याच्या खांबांवर क्रमांक व अक्षांश-रेखांश घालण्याचा नियम आहे. तीच यादी मराठीत, गटनंबरांसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागू नये? ज्याच्या बांधाला खाण लागते, त्याला हद्द कळण्यासाठी जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालावे लागू नयेत. कोकणातील बॉक्साइटच्या सड्यांपासून गडचिरोलीच्या लोहखनिजापर्यंत हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

खनिज प्रकल्पात भागीदारी घेण्यास निघालेल्या वाचकांनी तूर्त एवढे करावे. कोपऱ्यांच्या बिंदूंची यादी मागावी. ती कोणत्या आधारावर, कोणत्या तारखेला, कोणी सही करून दिली ते पाहावे. नंतर मोबाइल घेऊन दोन-चार खांबांपर्यंत स्वतः चालत जावे. मोबाइल काही मीटर चुकतो, पण शंभर मीटरची गफलत तो सहज पकडतो. सौदा आणणारा गृहस्थ सोबत यायला का-कू करू लागला, तर बयाणा खिशातच ठेवावा.