जुन्या प्रणालीकडे परतावे काय?

दिघीत ज्यांचा सारा दफ्तरी व्यवहार एकाच संगणकावर अवलंबून आहे, त्यांना विंडोज 11 संथ वाटल्यास पूर्वीच्या विंडोज 10 कडे परतण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आणि बदलानंतर पहिल्या 10 दिवसांत तशी तरतूदही असते. परंतु विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, म्हणजे सुरक्षा-दोषांच्या दुरुस्त्या सर्वसाधारणपणे मिळणे थांबले. आणि जून 2017 मध्ये याच रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज ज्या विषाणूने ठप्प केले, त्याने विंडोजमधील अशा दोषाचाही आश्रय घेतला होता, ज्याची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. सबब, केवळ छपाई व हिशेबाचे यंत्र इंटरनेटपासून तोडून खुशाल जुन्या प्रणालीवर चालवावे. बँकेचे व सरकारी दाखल्यांचे काम ज्यावर चालते, त्याच्या बाबतीत मात्र परतीचा विचार सोडणेच श्रेयस्कर.