विश्लेषण : फुटबॉल क्लबमध्ये अंतिम शब्द कोणाचा? मालक, क्रीडा संचालक की प्रशिक्षक?

मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने डिसेंबर २०२५ अखेर मुंबई सिटी एफसीमधील आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे गेला. त्यानंतर दहाच दिवसांत, ५ जानेवारी २०२६ रोजी, मँचेस्टर युनायटेडने प्रशिक्षक रुबेन अमोरिम यांना पदावरून दूर केले. आपण केवळ प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर व्यवस्थापक म्हणून आलो आहोत, असे त्यांनी आदल्याच दिवशी जाहीरपणे सुनावले होते. दोन देशांतील या दोन घटनांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. क्लबचे निर्णय नेमके कोण घेते? मुंबईपासून कन्हान-कामठीच्या मैदानांपर्यंत खेळाडूंचे भवितव्य याच उत्तरावर अवलंबून असते.

क्लबमधील अधिकारांची रचना कशी असते?

व्यावसायिक क्लब ही कायद्याने बहुधा एक कंपनी असते. सर्वात वर मालक आणि संचालक मंडळ. वर्षाला किती पैसा ओतायचा, हे तेथे ठरते. त्याखाली मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ. प्रायोजक, तिकीटविक्री, करार, पगार ही त्यांची जबाबदारी. तिसरी व्यक्ती क्रीडा संचालक किंवा तांत्रिक संचालक. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला सोडायचे, अकादमीतून कोणाला वर आणायचे, याचा तीन-चार वर्षांचा आराखडा त्यांच्याकडे असतो. प्रशिक्षकाचे काम सराव, अकरा जणांची निवड आणि सामन्यातील डावपेच.

इंग्लंडमध्ये पूर्वी ‘मॅनेजर’ ही तिन्ही कामे एकटाच करीत असे. मँचेस्टर युनायटेडमध्ये सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी १९८६ ते २०१३ असा कारभार केला. आता खेळाडू खरेदीची रक्कम इतकी मोठी झाली आहे की, दीड-दोन वर्षांत जाणाऱ्या प्रशिक्षकाच्या मर्जीवर ती खर्च करणे मालकांना परवडत नाही. त्यामुळे क्रीडा संचालकाचे वजन वाढले आणि प्रशिक्षकाचे घटले. भारतातही केरला ब्लास्टर्सने २०२० मध्ये लिथुआनियाचे कॅरोलिस स्किंकिस यांना क्रीडा संचालक म्हणून आणले.

मुंबई सिटीत सूत्रे कोणाकडे होती?

नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. उरलेले ३५ टक्के अभिनेता रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख यांच्याकडे राहिले. चेहरा रणबीर यांचा असला, तरी फुटबॉलविषयक निर्णयांवर ग्रुपची छाप होती, हे नेमणुकांवरून दिसते. २०२१ मध्ये आलेले डेस बकिंगहॅम आणि २०२३ मध्ये आलेले पीटर क्रॅट्की हे दोघेही आधी मेलबर्न सिटीत साहाय्यक प्रशिक्षक होते आणि मेलबर्न सिटी हाही याच ग्रुपचा क्लब. एका शाखेतील कर्मचाऱ्याची दुसऱ्या शाखेत बदली व्हावी, तसाच हा प्रकार.

मात्र प्रशिक्षकाला मोकळीक मिळाली की काय होते, हेही येथेच दिसले. २०२० मध्ये सर्जिओ लोबेरा मुंबईत आले, त्याच वर्षी अहमद जाहू, मूर्तदा फॉल, ह्युगो बूमू आणि मंदार राव देसाई हे त्यांच्या जुन्या एफसी गोवा संघातील चौघेही मुंबईकडे आले. त्या हंगामात मुंबईने लीग शील्ड आणि आयएसएल करंडक दोन्ही जिंकले. पुढे २०२२-२३ मध्ये शील्ड आणि २०२३-२४ मध्ये करंडक आला. तीन प्रशिक्षक, तिघांच्याही हाती चषक. यश एका माणसाचे नसून रचनेचे होते, असे म्हणायला यामुळे जागा आहे.

यशस्वी प्रशिक्षकालाही का काढले जाते?

याचे उत्तम उदाहरण गोव्याचे आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी एफसी गोवाने याच लोबेरा यांना दूर केले. साखळीचे तीनच सामने उरले होते आणि संघ अव्वल स्थानासाठी झुंजत होता. व्यवस्थापनाने क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे हंगामी सूत्रे दिली, सोबतीला तांत्रिक संचालक डेरिक परेरा होते. गोव्याने शील्ड जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीसाठी पात्र ठरणारा तो पहिला भारतीय क्लब बनला. निकाल कितीही चांगले असले, तरी नेमणुकीचा आणि बडतर्फीचा अधिकार प्रशिक्षकाच्या हाती नसतो. तो व्यवस्थापनाकडेच राहतो.

हिस्सा कमी, तरी अधिकार जास्त असू शकतात?

होय. मँचेस्टर युनायटेडमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी २७.७ टक्के हिस्सा घेतला. बहुमत ग्लेझर कुटुंबाकडेच राहिले, पण फुटबॉलचा कारभार करारानुसार रॅटक्लिफ यांच्या इनिऑस समूहाकडे गेला. म्हणजे टक्केवारीपेक्षा करारातील कलमे महत्त्वाची.

कोलकात्यात याच कलमांवरून मोठा वाद झाला. ईस्ट बंगालमध्ये २०२० साली श्री सिमेंट गुंतवणूकदार म्हणून आली. प्राथमिक करार झाला, पण सारे अधिकार हातचे जातील या भीतीने क्लबच्या जुन्या पदाधिकाऱ्यांनी अंतिम करारावर सही करण्यास नकार दिला. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांना मध्यस्थी करावी लागली. अखेर २०२२ मध्ये श्री सिमेंट बाहेर पडली आणि इमामी समूह आला. मोहन बागानमध्ये २०२० च्या विलीनीकरणानंतर ८० टक्के हिस्सा गोएंका समूहाकडे गेला. तरीही चाहत्यांच्या आंदोलनापुढे नमते घेऊन २०२३ मध्ये नावातील ‘एटीके’ काढावे लागले. समभाग नसले, तरी चाहत्यांचा आवाज असतो.

सभासदांच्या हाती सत्ता कुठे आहे?

जर्मनीत ‘पन्नास अधिक एक’ हा नियम आहे. गुंतवणूकदार कितीही मोठा असो, बहुमताची मते मूळ सभासद संस्थेकडे राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्ग हे त्याला जुने अपवाद. स्पेनमध्ये बार्सिलोनाचे सभासद मतदानाने अध्यक्ष निवडतात. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुका पाहिलेल्या महाराष्ट्राला ही पद्धत समजायला अवघड नाही. तिचे फायदे आणि राजकारण, दोन्ही ओळखीचे आहे.

क्लबच्याही वर कोण आहे?

भारतात क्लबमालकाचे हातही बांधलेले असतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये १५ वर्षांसाठी सुमारे ७०० कोटी रुपयांना व्यावसायिक हक्क दिले. त्यातून २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली आणि ती रिलायन्सशी संबंधित एफएसडीएल चालवत होती. हा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. नूतनीकरण अडल्याने एफएसडीएलने जुलै २०२५ मध्येच नवा हंगाम स्थगित ठेवला. बंगळूरु एफसीने खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले, इतर काही क्लबांनी कामकाज बंद केले.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. सर्वोच्च लीगची मालकी व संचालन महासंघाकडे असावे, अशी तरतूद त्यात आहे. नव्या हक्कांच्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. शेवटी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जानेवारीत १४ क्लबांसह १४ फेब्रुवारी २०२६ ही प्रारंभाची तारीख जाहीर केली. सिटी ग्रुपने बाहेर पडताना लीगच्या याच अनिश्चिततेचा उल्लेख केला होता.

विदर्भाला हा सत्तासंघर्ष नवा नाही. गोंदियाचे प्रफुल पटेल दीर्घकाळ महासंघाचे अध्यक्ष होते. मुदत उलटूनही निवडणूक न झाल्याने मे २०२२ मध्ये न्यायालयाने कारभार प्रशासक समितीकडे दिला. बाहेरचा हस्तक्षेप म्हणून ऑगस्टमध्ये फिफाने भारताला काही दिवस निलंबितही केले.

मालकाने हात काढल्यास काय होते?

महाराष्ट्राने हे वारंवार पाहिले आहे. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पिरामल समूहाच्या पुणे एफसीचा प्रवास २०१५ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. हैदराबादने २०२१-२२ चा करंडक जिंकला, पण पुढे खेळाडूंची देणी थकली आणि फिफाने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली. मालकी बदलून तोच संघ २०२५ मध्ये दिल्लीला गेला. खर्च एकाच खिशातून होत असेल, तर तो खिसा बंद झाला की क्लबही बंद, हा यातील धडा. आयएसएलमध्ये आज महाराष्ट्राचा एकच क्लब आहे.

कन्हान-कामठीतील खेळाडूंनी काय पाहावे?

कन्हान नदीपलीकडची कामठी हे विदर्भातील फुटबॉलचे जुने केंद्र. रब्बानी क्लबसारख्या संघांनी ती परंपरा टिकवली. गावपातळीवरच्या क्लबात पैसा उभा करणारा, संघ निवडणारा आणि मैदानावर ओरडणारा माणूस अनेकदा एकच असतो. तेथे शब्दावर काम चालते. व्यावसायिक क्लबात तसे चालत नाही. प्रशिक्षकाने ‘तुला घेतो’ म्हटले, म्हणजे करार झाला असे नव्हे. प्रशिक्षक उद्या बदलू शकतो, करार कंपनीशी असतो.

त्यामुळे चाचणीनंतर बोलावणे आले, तर खेळाडूने आणि पालकांनी काही गोष्टी तपासायलाच हव्यात. करार लेखी आहे का? सही क्लबच्या अधिकृत प्रतिनिधीची आहे का? पगार, विमा आणि दुखापतीतील उपचार यांचा उल्लेख आहे का? महासंघाकडे नोंदणी कोणत्या क्लबच्या नावाने होणार? फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा, तर इतरांचा साधारणतः पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसतो. मध्यस्थ असल्यास त्याच्याकडे फिफाचा परवाना हवा. देणी थकल्यास महासंघाकडे दाद मागता येते, पण त्यासाठी हातात कागद लागतो.

आयएसएलच्या नव्या व्यवस्थेत क्लब, महासंघ आणि भावी व्यावसायिक भागीदार यांच्यात अधिकार कसे वाटले जातात, यावर पुढील काही वर्षे अवलंबून आहेत. ही वाटणी स्पष्ट झाली, तर गुंतवणूकदार परततील. ती धूसर राहिली, तर पगार थांबण्याची पाळी सर्वप्रथम खेळाडूंवरच येईल, हे २०२५ च्या उन्हाळ्यानंतर सर्वांनीच पाहिले आहे.